मिस्त्रींच्या हातात काय उरणार?

गेल्या काही महिन्यांत आमच्या भुसावळच्या मोहल्ल्यात पेट्रोलवर जेवढी चर्चा झाली तेवढी निवडणुकीवरही झाली नसेल. निमित्त ई-२० चं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. सरकारने हे उद्दिष्ट आधी २०३० साठी ठेवलं होतं, मग अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये गाठलंही. तेव्हापासून ज्याची गाडी सकाळी पहिल्या किकला उठत नाही, तो इथेनॉलला शिव्या देतो. ज्याची गाडी दहा वर्षांपासूनच उठत नव्हती, तोही.

जुम्म्याच्या नमाजनंतर कट्ट्यावर एका तरुणाने मोबाइल पुढे केला. सूरह यासीनमध्ये हिरव्या झाडातून मिळणाऱ्या आगीचा उल्लेख आहे, म्हणजे इथेनॉल चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं, असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश. मला या प्रकाराचा कंटाळा येतो. शोध दुसऱ्याने लावायचा आणि आपण नंतर आयत दाखवायची. तो उल्लेख अल्लाहच्या कुदरतीवर विचार करायला सांगतो, उसाच्या मळीवर पेटंट घ्यायला नाही. त्या तरुणाला मी एवढंच विचारलं की इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांशच ऊर्जा असते, मग वीस टक्के मिसळल्यावर तुझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज किती पडायला हवं? त्याने हिशोब केला नाही. शेजारी बसलेल्या मिस्त्रींनी केला. "पन्नास का सैंतालीस, सर. बाकी जो कम होता वो चोक कार्बोरेटर का."

इथेनॉल आता उसाबरोबर मक्यापासूनही बनतं आणि मका तर आमच्या खानदेशाचं पीक. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळाले तर आनंदच आहे, मात्र उसाचं पाणी कुणाच्या विहिरीतून जातं हा प्रश्न शिल्लक राहतो. पण आज मला इथेनॉलवर लिहायचं नाही. इथेनॉलने इंजिन मरत नाही. उलट रबरी सील, पाइप, टाकीत साचलेलं पाणी यांमुळे जुन्या गाड्यांची कामं थोडी वाढलीच. मिस्त्री तक्रार करतात ती गिऱ्हाइकाच्या वतीने. त्यांच्या स्वतःच्या रोजीवर जे येतंय ते वेगळंच आहे, आणि ते आवाज न करता येतंय. अक्षरशः आवाज न करता.

इलेक्ट्रिक स्कूटर उघडून पाहिली की काय दिसत नाही, याची यादी करा. पिस्टन नाही, रिंग नाही, बोअर नाही. प्लग नाही. कार्बोरेटर नाही, इंजेक्टरही नाही. क्लच प्लेट नाही, टायमिंग चेन नाही, सायलेन्सर नाही, इंजिन ऑइल नाही. उरलं काय? ब्रेक शू, टायर, बेअरिंग, शॉकअप, बल्ब. म्हणजे गॅरेजवाल्याची जी कमाई ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, क्लच टाकणं, बोअर करणं यांवर होती, ती सगळी त्या यादीच्या पहिल्या भागात गेली. बोअर करणारा टर्नर, ऑइल विकणारा दुकानदार, जुनं ऑइल गोळा करून नेणारा पोरगा हेही त्याच यादीत आले.

लोक घेणार नाहीत, असं काही मिस्त्री म्हणतात. घेतील. हिशोब साधा आहे. पेट्रोल शंभराच्या वर गेलंय आणि स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देते. म्हणजे किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या आसपास. विजेची स्कूटर एका युनिटमध्ये तीस किलोमीटर तरी जाते. युनिट दहा रुपयांचं धरलं तरी किलोमीटरला तीस-पस्तीस पैसे. शाळेत येणारी शिक्षिका, घरोघरी माल पोचवणारा मुलगा, दूधवाला, केळीच्या वखारीवरचा मुकादम, रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणारं कुणीही या हिशोबापुढे फार दिवस टिकणार नाही. बॅटरी महाग आहे, बदलायची वेळ आली की डोळे पांढरे होतात, भुसावळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बॅटरीचं काय होतं हेही आम्ही पाहतोय. तरीही.

आणि हे पहिल्यांदा होत नाहीये. टू-स्ट्रोक स्कूटर आठवतात का? बजाज चेतक १९७२ ला आली आणि दोन पिढ्यांना तिने संसारासकट वाहून नेलं. ती सुरू होत नसली की वाकडी करायची, मग किक मारायची. हे शास्त्र गल्लीतल्या प्रत्येक मुलाला अवगत होतं. मग धुराचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक गेली, फोर-स्ट्रोक आली. मिस्त्री ते शिकले, कारण ते अजून हाताने आणि कानाने शिकता येत होतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. मोटारसायकलींतून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, कॉम्प्युटर आले. दोष शोधायला स्कॅनर लागू लागला. तेव्हा एका जुन्या मिस्त्रींनी मला जे सांगितलं ते मी विसरलो नाही. "सर, पहले जिसका कान अच्छा वो मिस्त्री. अब जिसके पास मशीन वो मिस्त्री." गंमत म्हणजे त्याच वर्षी, जानेवारीत, चेतक पुन्हा बाजारात आली. विजेवर.

आमच्या भुसावळला हा बदल काय असतो, हे खरं तर सांगायची गरज पडू नये. हे रेल्वेचं गाव. कोळशाच्या इंजिनांची मोठी शेड इथे होती. आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या घरांत एखादा तरी फायरमन, फिटर किंवा बॉयलरवाला सापडायचाच. फायरमनचं काम म्हणजे धावत्या इंजिनात तोल सांभाळत फावड्याने भट्टीत कोळसा टाकत राहायचं, आणि तेही कुठे किती टाकायचा याचा अंदाज ठेवून. वाफेचं इंजिन कोळशातली दहा टक्केही ऊर्जा चाकापर्यंत पोचवू शकत नसे. बाकीची धूर आणि उष्णता होऊन जायची, आणि त्यातली बरीचशी फायरमनच्या अंगावर. साठच्या दशकाच्या शेवटी इगतपुरी-भुसावळ मार्गावर विजेच्या तारा आल्या. त्यानंतरही बरीच वर्षं कोळशाची इंजिनं धावली, पण शेवट ठरलेला होता. आज भुसावळात विजेच्या इंजिनांची शेड आहे, त्यांच्या दुरुस्तीचा कारखाना आहे, रेल्वेची प्रशिक्षण संस्था आहे.

फायरमन कुठे गेले? हा प्रश्न मी आमच्या वडीलधाऱ्यांना विचारत आलोय. उत्तर बहुतेक एकच मिळतं. ट्रेनिंगला गेले. रेल्वेने वर्गात बसवलं, पगार चालू ठेवला, परीक्षा घेतली आणि विजेच्या नाहीतर डिझेलच्या इंजिनावर सहायक म्हणून चढवलं. ज्यांना नाही जमलं त्यांना दुसऱ्या खात्यात घेतलं. सगळं गोड झालं असं नाही. एक दादामियाँ सांगायचे की नव्या इंजिनात बसल्यावर पहिले सहा महिने हात रिकामे वाटायचे, करायला काही नाही म्हणून झोप यायची. पण चूल विझली नाही. इंधन बदललं त्याची किंमत कामगाराने एकट्याने मोजली नाही. संस्थेने मोजली.

गॅरेजच्या मिस्त्रीला अशी रेल्वे नाही. त्याच्या मागे खातं नाही, युनियन नाही, पगारी रजा नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिलं होतं की मुसलमान कामगारांत स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. तो आकडा आपण 'आपल्याला नोकऱ्या देत नाहीत' एवढं सांगण्यापुरता वापरतो. त्याचा दुसरा अर्थ असा की एखादं तंत्र बदललं की त्याचा फटका आपल्या माणसाला थेट बसतो, मध्ये कुणी नसतं. गॅरेज, पंक्चर, रिक्षा, ट्रक, भंगार, वेल्डिंग. पेट्रोल-डिझेलच्या भोवती आपण किती घरं बांधलीत ते मोजा. कोकणातल्या आपल्या भावांची तर घरं बांधली तीच आखाती तेलाच्या रियालवर आणि दिनारवर. म्हणून 'पर्यावरण हा शिकलेल्या लोकांचा विषय' असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला हसू येत नाही.

आता एक आक्षेप, जो शाळेतल्या स्टाफरूममध्ये रोज ऐकतो. विजेची गाडी म्हणजे कसली स्वच्छ? वीज तर दीपनगरातूनच येते. दीपनगर म्हणजे भुसावळजवळचं औष्णिक केंद्र, पाचशे-पाचशे मेगावॉटचे दोन संच आणि आता ६६० चा नवा. राखेच्या गाड्या, कपड्यांवरची राख, हे आम्हाला कुणी सांगायला नको. आक्षेप खोटा नाही, अपुरा आहे. फळ्यावर गणित मांडू. एक लिटर पेट्रोल जळालं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यात स्कूटर पंचेचाळीस किलोमीटर जाते. तेवढंच अंतर विजेच्या स्कूटरला दीड युनिट. सगळी वीज कोळशाची धरली तर त्यासाठी साधारण एक किलो कोळसा, आणि तारांमधली गळती धरून पावणेदोन किलो कार्बन डायऑक्साइड. वर पाव किलोहून जास्त राख. म्हणजे फायदा आहे, पण थोडा. आणि धूर मोहल्ल्यातून उठून दीपनगरच्या शेजारच्या वस्त्यांत गेला, हेही खरं. तिथेही माणसंच राहतात.

फरक पुढे पडतो. पेट्रोलची गाडी आयुष्यभर पेट्रोलच जाळणार. विजेची गाडी मात्र तीच राहते आणि तिच्या मागची वीज बदलू शकते. २०२५ मध्ये देशातल्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू आणि तेल सोडून इतर स्रोतांची झाली. वर्तमानपत्रांनी हा मथळा मोठा केला. पण स्थापित क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. सूर्य रात्री नसतो, वारा विचारून येत नाही. प्रत्यक्ष विजेत अजूनही सुमारे सत्तर टक्क्यांचा भार कोळशावरच आहे. आपल्या खानदेशात पाहायचं तर एका टोकाला दीपनगरच्या चिमण्या आहेत आणि दुसऱ्या टोकाला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, सौर प्रकल्प आणि ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या. दोन्हींमध्ये दीडशे किलोमीटरचं अंतर. मला वाटतं देशही सध्या याच रस्त्यात कुठेतरी आहे.

आपल्या छतांचं काय? फेब्रुवारी २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजना आहे, तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. एक किलोवॉटला शंभरेक चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. ऊन तर आमच्याकडे फुकट आणि नको तेवढं. तरी आमच्या गल्लीत पॅनल दिसतात ते दोन-तीन घरांवर. गरिबी हे कारण आहेच, पण एकमेव नाही. मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा वारून वीस वर्षं झालेली. घर तीन भावांचं आणि दोन बहिणींचं, विरासतीची वाटणी झालेली नाही. छत कुणाचं, यावर एकमत नाही. मग अर्जावर सही कोण करणार? वाटणी शरियतप्रमाणे वेळेत करा, असं आपल्याकडे जलशांत सांगितलं जातं ते बहिणींच्या हक्कासाठी, आणि ते योग्यच आहे. आता त्याला विजेच्या बिलाचंही कारण जोडा.

पण पुन्हा मिस्त्रींकडे येतो. हा बदल होणार आणि व्हायलाच हवा, असं माझं मत आहे. दम्याने धापा टाकणारी पोरं माझ्या वर्गात बसतात, मला धुराची बाजू घेता येणार नाही. प्रश्न एवढाच की नव्या गॅरेजमध्ये कोण उभा असेल. आणि इथे एक गोष्ट मला शिक्षक म्हणून खटकते. पेट्रोलच्या गॅरेजने कधी कुणाचा दाखला मागितला नाही. आठवीत शाळा सोडलेला, गणितात तीनदा नापास झालेला, बाप वारलेला, घरातून पळालेला, कुणीही आला तर उस्तादने पाना हातात दिला. पाच वर्षं शिव्या आणि चहा, मग मिस्त्री. आपल्या शिक्षणव्यवस्थेने टाकलेल्या हजारो मुलांना या गॅरेजांनी पोटाशी धरलं. शाळेने नाही, जमातनेही नाही.

बॅटरीचं गॅरेज तसं धरणार नाही. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल' असा ट्रेड आलाय, त्याला दहावी पास लागतं. सोलर टेक्निशियनलाही. आणि ही अट नुसती कागदी नाही. साठ-बहात्तर व्होल्टची लिथियम बॅटरी कानाने दुरुस्त होत नाही. पाना घसरून दोन टोकं जोडली गेली तर ठिणगी नाही, आगच. २०२२ मध्ये स्कूटरींना लागलेल्या आगी आपण मोबाइलवर पाहिल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. सेल मालिकेत जोडले की काय वाढतं, समांतर जोडले की काय वाढतं, हे नववी-दहावीचं विज्ञान आहे. ते ज्याला कळतं तोच त्या बॅटरीसमोर सुरक्षित. भंगारवाल्यांनीही हे ऐकावं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी फोडून शिसं काढायची सवय लिथियमवर चालवली तर दुकानासकट जाल.

यात कंपन्यांचाही दोष आहे. बॅटरी उघडली की वॉरंटी गेली, सॉफ्टवेअरला कुलूप, सुटे भाग फक्त आमच्याकडे. सुरक्षिततेचं कारण अर्धं खरं, अर्धं धंद्याचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, वाहनंही त्यात घेतली. पण पोर्टलवर माहिती असणं आणि गल्लीतल्या मिस्त्रीला स्कॅनर मिळणं यांत बराच रस्ता आहे.

मी भाषेचा शिक्षक. त्यामुळे मला आणखी एक अडचण दिसते, जी इंजिनिअरला दिसणार नाही. आमचा मुलगा उर्दू माध्यमात 'बर्की रौ' आणि 'मुजाहमत' शिकतो. मराठी पुस्तकात तेच 'विद्युतधारा' आणि 'रोध'. उस्ताद म्हणतो 'करंट' आणि 'रजिस्टन्स'. आयटीआयच्या पुस्तकात परत इंग्रजी. चार नावं, गोष्ट एकच, आणि मुलाला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. येतं त्याला. मी नववीच्या वर्गात चार रकान्यांचा तक्ता लावलाय, रोज पाच शब्द. एका मुलाने घरून मल्टिमीटर आणला, बापाचा. व्होल्टेज पाहायचं चाक कुठलं आणि करंटचं कुठलं हे त्यानेच मला दाखवलं. भाषेच्या तासाला मल्टिमीटर कशाला, असं वरून विचारणा झाली. शब्दांचा अर्थ दाखवतोय, असं उत्तर दिलं.

त्याच तक्त्यात एक शब्द असा निघाला की मीच थांबलो. जीवाश्म इंधनाला उर्दूत 'रिकाजी ईंधन' म्हणतात. रिकाज म्हणजे जमिनीत गाडलेला खजिना. आपल्या फिक्हमध्ये रिकाजचा स्वतंत्र मसला आहे. असा खजिना सापडला तर तो सगळा सापडणाऱ्याचा नाही, त्यातला पाचवा हिस्सा काढून द्यावा लागतो. हनफी त्यात खाणीतले धातूही धरतात, कोकणातले आपले शाफई भाऊ धरत नाहीत, तो वाद मौलानांवर सोडतो. मला अडकवलं ते कल्पनेने. जमिनीखालून जे आयतं मिळालं त्यात इतरांचा हक्क असतो. शंभर-दीडशे वर्षं जगाने तो खजिना उपसला, आणि ज्यांच्या हातांनी त्यावरच्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्यांचा पाचवा सोडा, पन्नासावा हिस्साही कुणी काढून ठेवलेला नाही.

म्हणून रमजानच्या आधी आमच्या जमातच्या बैठकीत एक गोष्ट मांडली. जकातीतून दरवर्षी शिलाई मशीनं देता, द्या. पण गरजू असेल अशा एका तरी मुलाला मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, इन्सुलेटेड पाने आणि हातमोजे असा संच द्या. वस्तू त्याच्या मालकीची करून दिली की तमलीकची अट पुरी होते, शिलाई मशीनसारखीच. वर्ग चालवायला जकात वापरता येईल का यावर मतभेद आहेत, तर वर्गाचा खर्च सदक्यातून किंवा वर्गणीतून करू. एक बुजुर्ग म्हणाले, "मास्टर साब, ये बिजली की गाडी चार दिन की है." मी त्यांना त्यांच्या वालिदांची आठवण दिली. ते फायरमन होते.

संचाचं मान्य झालं, दोन मुलांपुरतं. वर्गाचं पाहू, असं ठरलं.

सध्या काम सुरू आहे ते सतरा नंबरच्या फॉर्मचं. शाळा सोडलेल्या मुलाला खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं, त्याचा तो फॉर्म. गॅरेजच्या रांगेत फिरून सात नावं मिळाली. एक तर एकोणतीस वर्षांचा आहे, दोन मुलांचा बाप, म्हणतो दिवसा दुकान बंद ठेवता येणार नाही, रात्री शिकवणार असाल तर येतो. इशानंतरची वेळ ठरवली आहे. सातपैकी तिघांचे शाळा सोडल्याचे दाखले सापडत नाहीत. एकाचा दाखला त्याच्या आईने तांदळाच्या डब्यात ठेवला होता, तो उंदराने कुरतडलाय, पण जन्मतारीख आणि शिक्का शाबूत आहे.